'प्रश्न उद्भवत नाही' : आमदार विचारतात काय, मंत्री सांगतात काय

अधिवेशन सुरू झालं की कोल्हापुरात मोबाईलवर क्लिपा फिरायला लागतात. आपला आमदार हात वर करून बोलतोय, कुणीतरी बाक वाजवतंय आणि खाली ठळक अक्षरात ओळ : 'सभागृहात कोल्हापूरचा आवाज घुमला'. त्या दीड-दोन मिनिटांवर बिंदू चौकापासून गंगावेशीपर्यंत दिवसभर चर्चा रंगते. मात्र मंत्र्यांनी उत्तर काय दिलं असं विचारलं, तर सांगता कुणालाच येत नाही. कारण क्लिप नेमकी तिथंच कापलेली असते.

आमदारानं मंत्र्याला प्रश्न विचारणं हा लोकशाहीतला फार जुना आणि फार उपयोगी उद्योग आहे. त्यातला आवाजाचा भाग थोडा, कागदाचा भाग मोठा. म्हणून या लेखात कागदाकडंच जास्त बघू.

मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, असं राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये म्हटलंय. आता जबाबदार म्हणजे काय? अविश्वास ठराव आणून सरकार पाडणं हे शेवटचं हत्यार, ते वर्षानुवर्षं बाहेर निघत नाही. रोजच्या व्यवहारात जबाबदारीचा अर्थ एवढाच की विचारलं तर सांगावं लागतं, आणि जे सांगाल ते छापलं जातं. हा अधिकार आपल्याकडं एका दिवसात आलेला नाही. १८६१ च्या कायद्यानं कायदेमंडळं आली, पण त्यात सदस्यांना सरकारला प्रश्न विचारायची सोय नव्हती. ती १८९२ मध्ये मिळाली, तीही घट्ट अटींसह. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारायची मुभा १९०९ मध्ये आली, पण फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. १९१९ नंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, तोवर मुंबईच्या कायदेमंडळात काय विचारलं जातंय याच्याशी आपला थेट संबंध नव्हता.

तारा असलेले आणि नसलेले

महाराष्ट्र विधानमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. दिवसाच्या कामकाजातला सुरुवातीचा एक तास प्रश्नोत्तरांचा. या तासाला जे प्रश्न घेतले जातात त्यांना तारांकित म्हणतात. यादीत त्यांच्यापुढं तारेची खूण असते, म्हणून तारांकित. त्यांचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्नाची भानगड नाही. पण आकडेवारी हवी असेल, गावनिहाय यादी हवी असेल, तर अतारांकितच बरा. आमदारांना तो कमी दर्जाचा वाटतो, कारण त्याची क्लिप होत नाही.

लोकसभेत या सगळ्याचे आकडे ठरलेले आहेत. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात, सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीनं ठरतं. यादीत २० असले तरी तासाभरात तोंडी चर्चेला त्यातले थोडेच येतात. बाकीच्यांची उत्तरं छापील स्वरूपात पटलावर जातात. मुंबई-नागपुरातही तीच गत. पहिल्या दोन-तीन प्रश्नांवरच जुंपली की तास संपतो, आणि गोंधळात सभागृह तहकूब झालं की तोही हातचा जातो. गोंधळ विरोधकांनी घातला तरी त्याचा फायदा मंत्र्यालाच होतो. हे विरोधकांना कळत नाही असं मला तरी वाटत नाही.

बाकीची साधनं थोडक्यात. तातडीच्या विषयासाठी अल्पसूचना प्रश्न. मिळालेल्या उत्तरातून आणखी काही उकरायचं असेल तर अर्धा तास चर्चा. एखाद्या मोठ्या विषयावर सगळ्या सरकारला धारेवर धरायचं असेल तर नियम २९३ खालचा प्रस्ताव. आणि आपल्याकडं सगळ्यात लाडकी ती लक्षवेधी. तिच्यात मंत्री आधी लेखी निवेदन देतात, मग सदस्य त्यावर विचारतात. 'साहेबांची लक्षवेधी लागली' हे वाक्य अधिवेशनात मतदारसंघात जितक्या अभिमानानं सांगतात, तितक्या अभिमानानं 'साहेबांना उत्तर मिळालं' असं कुणी सांगत नाही.

उत्तर लिहितं कोण?

आमदाराचा प्रश्न विधानभवनात दाखल होतो. तिथलं सचिवालय तो नियमात बसतो का ते तपासतं. शेवटचा शब्द अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा. न्यायप्रविष्ट बाब, निव्वळ ऐकीव आरोप, 'अमुक झालं तर सरकार काय करणार' असा जर-तरचा प्रश्न, नुकतंच ज्याचं उत्तर देऊन झालंय तोच प्रश्न, हे गळतात. जे राज्य सरकारच्या अखत्यारीत नाही तेही गळतं. यात आपल्या भागातले बरेच विषय अडकतात. अलमट्टीची उंची वाढली तर पुराचं काय, हा शिरोळपासून चिखलीपर्यंतचा जिव्हाळ्याचा विषय. पण अलमट्टी धरण कर्नाटकचं. 'कर्नाटक उंची वाढवणार आहे काय' याचं उत्तर मुंबईतला जलसंपदा मंत्री देऊ शकत नाही. 'याबाबत राज्य शासनाने केंद्राकडे कोणत्या तारखेस काय म्हणणे मांडले' याचं मात्र द्यावंच लागतं. विषय तोच, फक्त विचारायची तऱ्हा बदलली.

उसाचंही तसंच. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये. हा दर कमी का, हे विचारायची जागा लोकसभा. पण कारखान्यानं ऊस नेल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले का, उशीर झाला तर १५ टक्के व्याज दिलं का, साखर आयुक्तांनी कुणावर वसुलीची कारवाई केली, हे सगळं राज्याचं. ते विचारायचं आमदारानं. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेवर आमदार विधानसभेत तावातावानं बोलले तर भाषण छान होईल, पण रेल्वेमंत्री बसतात दिल्लीत.

तपासणीतून पार पडलेला प्रश्न मंत्रालयात त्या-त्या विभागाकडं जातो, तिथं कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर उतरतो, आणि मग खाली वाहायला लागतो : विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषद, प्रांत, तहसीलदार, गटविकास अधिकारी. सरकारी कचेरीत याला 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. एलएक्यू आला की कचेरीचा नूर पालटतो. एरवी महिनाभर न सापडणारी फाईल तासाभरात टेबलावर येते. 'माहिती आज सायंकाळपर्यंत, निरंक असल्यास तसे कळवावे' असा निरोप व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडतो, साहेब मुख्यालय सोडत नाहीत, रजा थांबतात, आणि रात्री उशिरापर्यंत कुणीतरी क्लार्क तक्ते भरत बसलेला असतो. माझ्या मते प्रश्नाचं निम्मं काम इथंच होतं. सहा महिने अडलेलं एखादं बिल, न झालेली एखादी तपासणी, उत्तरात 'कार्यवाही पूर्ण झाली आहे' असं लिहिता यावं म्हणून त्या चार दिवसांत उरकली जाते. प्रश्न तोंडी चर्चेला आला नाही तरी चालतं मग.

पण याच प्रवासात एक मोठी गोम आहे. ज्या कार्यालयाबद्दल तक्रार, उत्तराचा पहिला मसुदा त्याच कार्यालयात तयार होतो. तो वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडा गुळगुळीत होतो. मंत्र्यांच्या हातात पडतो तेव्हा त्याला एकही कोपरा उरलेला नसतो. मंत्री खोटं बोलतात असं नव्हे. खालून आलेलं ते वाचतात. म्हणून ज्या आमदाराकडं स्वतःचे कागद नाहीत, त्याला ते उत्तर ऐकून खाली बसण्यापलीकडं काही करता येत नाही.

उत्तर वाचायचं कसं

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. एकदा उघडून बघाच. प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. समजा, पंचगंगेबद्दल आहे. तो साधारण असा दिसेल :

(१) पंचगंगा नदीत प्रदूषणामुळे मासे मृत झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आणि उत्तर :

(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) याबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत पाहणी करण्यात आली असून नियमानुसार कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

हा नमुना मी रचलेला आहे, पण याद्या वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. 'प्रश्न उद्भवत नाही' हे ऐकून लोक चिडतात. मंत्र्यांना आमचा प्रश्नच दिसत नाही का, म्हणतात. खरं तर त्याचा अर्थ इतकाच : चौथा भाग 'नसल्यास' या शब्दानं सुरू झालाय, आणि वर 'कार्यवाही सुरू आहे' असं सांगितलंय, म्हणजे विलंबाची कारणं सांगायची गरज संपली. ती पळवाट मंत्र्यांनी काढलेली नाही, प्रश्नानंच करून दिली.

लक्ष द्यायचं ते 'अंशतः' या शब्दाकडं. त्याच्यामागं काहीतरी कबूल झालेलं असतं. उपप्रश्नाचं बोट तिथं ठेवायचं : कोणता अंश खरा, आणि कोणता नाही? तसंच 'कार्यवाही सुरू आहे' याला तारीख जोडलेली आहे का, हे बघायचं. 'दि. अमुक रोजी नोटीस बजावली' असं असेल तर उत्तरात दम आहे. 'तपासून घेण्यात येत आहे', 'बाब विचाराधीन आहे' ही वाक्यं वर्षभर जशीच्या तशी राहू शकतात.

आता हाच प्रश्न वेगळा मांडून बघू. जयंती नाल्यातून गेल्या जानेवारी ते मे या काळात प्रक्रिया न होता रोज सरासरी किती दशलक्ष लिटर सांडपाणी नदीत मिसळले? कसबा बावडा येथील प्रक्रिया केंद्र या काळात किती दिवस बंद किंवा अंशतः सुरू होते? मंडळाने महापालिकेला व उद्योगांना कोणत्या तारखांना नोटिसा दिल्या, आणि किती रकमेची बँक हमी जप्त केली? इथं 'हे खरे आहे काय' कुठंच नाही, म्हणून 'हे खरे नाही' असं म्हणायला जागाही नाही. एकतर आकडा द्यावा लागेल, नाहीतर आकडा ठेवलाच नाही हे कबूल करावं लागेल. दुसरं पहिल्यापेक्षा जास्त बोलकं.

यादीत प्रश्नाच्या वर आमदारांची नावं कंसात मतदारसंघासह छापतात. कधी एक, कधी पंधरा-वीस, कारण एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करतात. तुमच्या आमदाराचं नाव त्या रांगेत दिसलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. पहिलं नाव कुणाचं, आणि सभागृहात उभं कोण राहिलं, हे बघा. कधी तिसऱ्याच विभागातला आमदार हातकणंगल्यातल्या एखाद्या कारखान्याबद्दल किंवा शाहूवाडीतल्या क्रशरबद्दल विचारताना दिसतो. यात प्रत्येक वेळी काळंबेरं असतं असं नाही. स्थानिक आमदाराला तो विषय अडचणीचा असतो, म्हणून कार्यकर्ते बाहेरचा आमदार गाठतात. पण प्रश्न लावायचा आणि मग मागं घ्यायचा हा धंदाही होऊ शकतो, हे नाकारून चालणार नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेनं ११ खासदारांना घरी पाठवलं. मे २०२५ मध्ये राजस्थानात एका आमदाराला अटक झाली ती प्रश्न मागं घेण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून. प्रश्नाला किंमत आहे, म्हणूनच त्याला भाव येतो.

उपप्रश्नाची धार

छापील उत्तर आमदाराच्या हातात आधीच असतं. त्यामुळं तासाभरातली खरी लढत उपप्रश्नात. मंत्र्यांसाठी विभागानं टिपणी बनवलेली असते. त्यात कोणता आमदार काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून उत्तरं लिहिलेली असतात. तरीही काही निराळं आलं तर अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येते. चिठ्ठी येईपर्यंत मंत्री प्रस्तावना लांबवतात : 'अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केलेला आहे...' हे वाक्य फारच लांबलं तर समजावं, चिठ्ठी अजून वाटेत आहे.

वाईट उपप्रश्न म्हणजे पाच मिनिटांचं भाषण आणि शेवटी 'याबाबत शासन गंभीर आहे काय?' यावर कुठलाही मंत्री 'शासन गंभीर आहे' म्हणतो आणि बसतो. चांगला उपप्रश्न एका श्वासात संपतो, आणि त्याचं उत्तर हो, नाही किंवा आकडा यांपैकी एक असतं. 'सीपीआर रुग्णालयातलं अमुक यंत्र कोणत्या तारखेपासून बंद आहे, दुरुस्तीचा आदेश कोणत्या तारखेचा?' एवढं पुरे. उत्तरानं समाधान झालं नाही आणि अध्यक्षांनाही ते पटलं, तर ते प्रश्न राखून ठेवतात. म्हणजे मंत्र्यांनी पूर्ण माहिती घेऊन पुन्हा यायचं. विरोधी बाकावरच्या आमदाराला याहून मोठं बक्षीस नाही.

प्रश्नातून किती दूर जाता येतं याचं देशातलं जुनं उदाहरण १९५७ चं. एलआयसी वर्षभरापूर्वीच स्थापन झालेली. तिनं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. लोकसभेत त्यावर प्रश्न आला, समाधानकारक उत्तर आलं नाही, आणि फिरोज गांधींनी विषय सोडला नाही. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, पंतप्रधान नेहरूंचे जावई. न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. सत्ताधारी आमदारानं आपल्याच मंत्र्याला विचारायचं नसतं अशी समजूत असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडच्या एन. डी. पाटील सरांनी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या : कितीतरी वर्षं विरोधी बाकावर, आणि १९७८ ते ८० या काळात सहकारमंत्री म्हणून उत्तरं द्यायच्या जागेवर.

सभागृहात मंत्री 'तीन महिन्यांत चौकशी करू' म्हणाले की ते हवेत विरत नाही, निदान विरू नये अशी व्यवस्था आहे. असं प्रत्येक वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. संसदेत आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असा दंडक आहे. मुदतवाढी मागितल्या जातात, वर्षं जातात, हेही खरं. पण नोंद राहते. सभागृहाची दिशाभूल करणारी माहिती दिली तर हक्कभंगाची सूचनाही देता येते. ते हत्यार मात्र भीती घालायलाच जास्त वापरलं जातं.

समित्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. लोकलेखा समिती किंवा जिल्हा परिषदेत येणारी पंचायत राज समिती मंत्र्यांना नाही, सचिवांना आणि अधिकाऱ्यांना विचारते. पीआरसी येणार म्हटलं की जिल्हा परिषदेच्या जिन्यालासुद्धा रंग लागतो. तिथं कॅमेरे नसतात, म्हणून भाषणं कमी आणि फाईल जास्त उघडली जाते.

आपण काय करायचं

माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत कागद मिळतो, पण 'हे असं का केलं' याचं उत्तर तिथं मिळत नाही. ते मंत्र्याकडून काढायचं असेल तर लोकप्रतिनिधीमार्फतच जावं लागतं. दोन्हींची जोडी चांगली जमते. आधी माहिती अधिकारात कागद काढा, मग तो कागद आमदाराच्या हातात द्या. अधिवेशनाच्या तोंडावर पीएच्या हातात पाच पानी निवेदन आणि सोबत फोटो काढणारे चार कार्यकर्ते, असं करू नका. प्रश्नांच्या सूचना त्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. एक पान पुरे : काय झालं, कुठं, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्याच्या अखत्यारीत, आणि कोणता आकडा हवा. खाली कागदाची प्रत. पीएला ते जसंच्या तसं टाईप करता आलं पाहिजे.

आणि दार एकच नाही. जिल्ह्यात विधानसभेचे १० मतदारसंघ आहेत : चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. आपल्या आमदारानं हात झटकले तर शेजारचा विचारू शकतो, त्याला कुठला नियम आडवा येत नाही. विधान परिषदेत पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार कोल्हापूरचेही असतात, पण त्यांच्याकडं प्रश्न घेऊन जाणारे शिक्षक आणि संस्थाचालक सोडले तर फार कुणी दिसत नाहीत. केंद्राच्या विषयासाठी कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन खासदार. लोकसभेत कुणी किती आणि कोणते प्रश्न विचारले, हे संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येतं. संख्येवर जाऊ नका, चारदोन प्रश्न उघडून वाचा. त्यात तारीख, ठिकाण आणि आकडा मागितलाय की नुसतंच 'शासन गंभीर आहे काय' विचारलंय, ते लगेच दिसतं.